रत्ने परत आली. वारसांना कुणी विचारले?



रविवारी चितेगावच्या विहारात वंदना झाली आणि एका पोराने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, बुद्धाची रत्नं परत आली. मोदींनी प्रदर्शन उघडलं. ग्रुपवर टाकू का?" व्हिडिओ होता दिल्लीच्या राय पिथोरा सांस्कृतिक संकुलातल्या जानेवारी २०२६ मधल्या प्रदर्शनाचा. शेजारी नाईट शिफ्ट करून थेट आलेला दुसरा पोरगा बसला होता, तो झोपेतच पुटपुटला, "हाडं अन् दगडं पूजणारे आपण कधीपासून झालो?" दोघेही माझ्या अभ्यासवर्गातले. एकाला परत आले याचा आनंद, दुसऱ्याला त्याचे काहीच नाही. मला दोघांशीही भांडायचे आहे, म्हणून हा लेख.

आधी हकीकत नीट सांगते, कारण फॉरवर्डमध्ये ती अर्धीच येते.

जानेवारी १८९८. नेपाळच्या सीमेजवळचे पिप्रहवा, तेव्हा बस्ती जिल्ह्यात, आता उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात. बर्डपूर इस्टेटचा इंग्रज व्यवस्थापक विल्यम क्लॅक्स्टन पेपे याने तिथला स्तूप खोदायला लावला. कुदळ मजुरांच्या हातात होती, शोध मात्र पेपेच्या नावावर गेला. आत दगडाची मोठी पेटी, पेटीत करंडक, करंडकांत अस्थी, राख, सोन्याचे पत्रे, मोती, पोवळी, स्फटिक, नीलम, अशी अठराशेहून अधिक रत्ने. एका करंडकावर ब्राह्मी लिपीत कोरलेला लेख. त्यात भगवान बुद्धांचे आणि शाक्यांचे नाव आहे, आणि दान देणाऱ्यांबरोबर त्यांच्या बहिणी, मुले, बायका यांचाही उल्लेख आहे. वाचनावर विद्वानांचे वाद झाले, पण एवढे बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे कुणा एका राजाने मिरवायला पुरलेला हा खजिना नव्हे. आपल्या माणसाच्या अस्थींबरोबर घरच्या लोकांनी, बायकापोरांसह, हातातले-गळ्यातले ठेवून दिलेले ते दान होते.

या दानाची वाटणी इंग्रज सरकारने कशी केली ते बघा. अस्थी दिल्या सयामच्या राजाला, चुलालाँगकॉर्न यांना, १८९९ मध्ये. त्यांनी पुढे त्यातला काही भाग ब्रह्मदेश आणि श्रीलंकेच्या बौद्धांना दिला. करंडक आणि बहुतेक रत्ने गेली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये. आणि 'एकासारखी एक असलेली' म्हणून सुमारे पाचवा हिस्सा रत्ने पेपेला ठेवू दिली. अस्थी म्हणजे धर्म, करंडक म्हणजे पुरातत्त्व, आणि उरलेली रत्ने म्हणजे खाजगी मालमत्ता. एका चितेतून आलेल्या, एका पेटीत दोन हजारांहून अधिक वर्षे एकत्र राहिलेल्या गोष्टींचे एका साहेबी सहीने तीन तुकडे झाले. पेपे चोर नव्हता. त्याने काही लपवले नाही, सरकारला कळवले, सरकारने दिले तेवढेच घेतले. कायद्याने सगळे चोख. पण कायदा कुणाचा होता?

आणि सगळ्यात महत्त्वाचे, अस्थी सयामलाच का? तर जगातला सत्तेवर असलेला एकमेव बौद्ध राजा तो, म्हणून. भारतात द्यायला कुणी आहे असे सरकारला वाटलेच नाही. ज्या भूमीत बुद्ध चालले त्या भूमीत बुद्धाला वारस नाही, असे गृहीत धरून ही वाटणी झाली. जमीन पडीक दिसली की सरकारजमा करतात, तसे.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगायचे की वर्गवारी ही निरुपद्रवी गोष्ट नसते. कागदावर ज्याचा रकाना नाही, त्याचा हक्कही नाही. १८९८ साली भारताच्या मैदानी मुलखात 'बौद्ध' हा रकाना जवळजवळ रिकामा होता. तो आपोआप रिकामा झाला नव्हता, पण तो इतिहास तुम्हाला माहीत आहे. तो रकाना भरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांवर बौद्ध आहेत आणि त्यातले ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे दर चारातले तीन. १८९८ साली जो वारस 'नव्हता', तो आज आहे, नाव-पत्त्यासह आहे, मतदारयादीत आहे. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: वारस परत आल्यावरही वाटणी जुनीच चालू ठेवली आहे.

आता २०२५ कडे या. पेपेच्या वंशजांनी आपल्याकडची ३३४ रत्ने सोथबीज या लिलाव कंपनीकडे दिली. ७ मे रोजी हाँगकाँगला लिलाव ठरला. सुमारे दहा कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपल्याकडचे शंभर कोटींहून अधिक रुपये येतील असा अंदाज छापून आला. बौद्धांकडे ही रत्ने पोहोचवण्याचा सर्वात न्याय्य आणि पारदर्शक मार्ग लिलाव हाच आहे, असे कुटुंबाकडून सांगण्यात आले. वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता. बुद्धाच्या अस्थींबरोबरचे दान बौद्धांना मिळावे, पण ज्याची बोली मोठी त्या बौद्धाला! जगभरातून भिक्खूंनी, अभ्यासकांनी विरोध केला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव पुढे ढकलला गेला. इथपर्यंत सरकारने योग्य तेच केले, ते नाकारायचे कारण नाही. सरकार गप्प बसले असते तर ही रत्ने कुणाच्या तरी तिजोरीत, कुणाच्या तरी गळ्यात गेली असती आणि पुन्हा कधी एकत्र दिसली नसती.

पण पुढे काय झाले? ३० जुलै २०२५ ला जाहीर झाले की रत्ने मायदेशी आली. आली ती गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतली म्हणून. सरकारने याला सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा आदर्श म्हटले. संग्रहातला मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयाला मुदतीवर, आणि सगळा संग्रह एकत्र प्रदर्शनात तीन महिने, असे सांगण्यात आले. किंमत जाहीर झाली नाही.

मुदतीवर, हा शब्द परत वाचा. विकत घेणाऱ्याच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पैसे त्यांनी मोजले, संग्रह विखुरला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाही हरकत नाही. माझे भांडण सरकारशी आहे. जी वस्तू कायद्याने विकताच येत नाही असे नोटिशीत म्हणायचे, तीच वस्तू तीन महिन्यांत विकली गेल्यावर तिच्यापुढे फीत कापायची, हे दोन्ही एकाच तोंडाने कसे चालते? विक्री अवैध होती तर खरेदी आदर्श कशी? आणि पाच वर्षांनी, २०३० मध्ये, मालक कोण असेल? देश? संग्रहालय? कंपनी? १८९८ ला रत्नांचा एक वाटा खाजगी मालमत्ता ठरला होता. २०२५ ला मालक बदलला, रकाना तोच राहिला.

आपल्याकडे 'परत आणले' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, ढोल-ताशे वाजले. आली ती तीन वर्षांच्या मुदतीवर. ती शिवरायांनीच वापरली याची खात्री देता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच सांगते, पण ते सोडा. रघुजीराजे भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये आली, ती राज्य सरकारने लिलावात सत्तेचाळीस लाखांना घेतली म्हणून. उसने आणले तरी 'परत', विकत घेतले तरी 'परत'. घरातून गेलेले भांडे शेजाऱ्याकडून विकत आणले तर आमच्या आज्या त्याला परत मिळाले म्हणत नसत, त्याला वेगळा शब्द वापरत. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

खरे परत मिळणे कसे असते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. सारिपुत्त आणि मोग्गलान, बुद्धाचे दोन अग्रश्रावक. त्यांच्या अस्थी १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांची परिसरातल्या स्तूपांतून काढल्या आणि त्या लंडनला गेल्या. पुढे त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये राहिल्या. महाबोधी सोसायटीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. संग्रहालयाची तयारी आधी अस्थी देऊन करंडक ठेवून घेण्याची होती, म्हणजे पुन्हा तीच फोड: धर्म तुमचा, कला आमची. बौद्धांनी ऐकले नाही, मूळ करंडकच पाहिजेत म्हणाले. १९४७ ला अस्थी लंडनहून निघाल्या, श्रीलंकेत दर्शन झाले, जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी कलकत्त्यात त्या महाबोधी सोसायटीच्या हवाली केल्या आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात त्या ठेवल्या गेल्या. आजही नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लोक तिथे दर्शनाला रांग लावतात. कुणी पैसे घेतले नाहीत, कुणी मुदत घातली नाही, आणि अस्थी ठेवल्या विहारात. हे चित्र फार गुळगुळीत होऊ नये म्हणून सांगते, तेव्हा महाबोधी सोसायटीचे अध्यक्ष श्यामाप्रसाद मुखर्जी होते, पुढे जनसंघ काढणारे. म्हणजे तिथेही बौद्धांच्या वतीने हात पुढे करणारा बौद्ध नव्हता! पण निदान ठेवा संस्थेच्या, विहाराच्या नावावर झाला. पंचाहत्तर वर्षांनी आपण तेवढेही मागू शकत नाही?

मागितले की काय होते ते बोधगयेत दिसतेच आहे. महाबोधी महाविहाराचा कारभार १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने चालतो. नऊ जणांची समिती: चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०१३ पर्यंत तर अध्यक्ष हिंदूच असला पाहिजे असे कायद्यातच होते. अनागारिक धर्मपाल १८९१ ला तिथे पोहोचले तेव्हापासूनची ही लढाई आहे. १९९२ ला भन्ते सुरई ससाई नागपूरहून माणसे घेऊन गेले. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू पुन्हा तिथे उपोषणाला बसले, रात्री पोलिसांनी उठवले, आंदोलन तरी चालू राहिले. हाँगकाँगमधल्या रत्नांसाठी जे सरकार तीन महिन्यांत तोडगा काढते, त्याच सरकारला बोधगयेतल्या बौद्धांच्या हाती त्यांचेच विहार द्यायला मात्र कायदा आडवा येतो. परदेशातून परत आणणे म्हणजे राष्ट्रगौरव. देशातल्या देशात परत मागणे म्हणजे शांतताभंग. बुद्ध परदेशात दाखवायला पाहिजे, म्हणून २०२४ ला अस्थी थायलंडला जातात, २०२५ ला व्हिएतनामला जातात, विमानतळावर मानवंदना होते. मराठवाड्यातल्या उपासिकेने त्या बघायच्या तर कुठे?

आता झोपेतून बोललेल्या पोराकडे वळते, कारण त्याचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि आपल्या चळवळीत तो विचारणारे पुष्कळ आहेत. आपण विज्ञानवादी. बावीस प्रतिज्ञा घेतलेले. मग अस्थी, रत्ने, करंडक यांच्यामागे कशाला लागायचे? ज्याला दगड पाहिजेत त्याला घेऊ दे, आपल्याला धम्म पुरे.

बाळा, ६ डिसेंबरला तू चैत्यभूमीच्या रांगेत आठ तास उभा होतास. मी तुझ्या मागेच होते. तुझ्या पायाला फोड आला होता. तिथे काय आहे? बाबासाहेबांच्या अस्थीच आहेत ना? आपण तिथे नवस बोलत नाही, चमत्कार मागत नाही. आपण जातो ते हे सांगायला की हा माणूस खरोखर होऊन गेला, तो आमचा होता आणि आम्ही त्याचे आहोत. उद्या कुणी बाबासाहेबांचा चष्मा, पेन लिलावात काढले तर 'ज्याला पाहिजे त्याला घेऊ दे' असे म्हणशील? देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. ती मूर्ती त्यांनी रंगूनहून आणलेली. परदेशातून बुद्ध या मातीत परत आणण्याचे काम आपल्यात पहिल्यांदा कुणी केले असेल तर त्यांनी. कुणा उद्योगपतीला मालक करून नव्हे. ती मूर्ती थेट वस्तीत, माणसांत बसवली.

आणि अस्थींच्या वाटणीचा प्रश्न बाबासाहेबांनी टाळलेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रक्षेवरून झालेल्या भांडणाचे प्रकरण आहे, ते पुन्हा काढून वाचा. परिनिर्वाणानंतर मगधचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, रामग्रामचे कोलिय असे दावेदार जमले. कुणी म्हणे ते आमच्या कुळातले, कुणी म्हणे ते क्षत्रिय, आम्हीही क्षत्रिय. कुशिनाराचे मल्ल म्हणाले, ते आमच्या गावात गेले, आम्ही कुणाला देणार नाही. युद्धाची वेळ आली. तेव्हा द्रोणाने समजावले की क्षमा शिकवणाऱ्याच्या अस्थींवरून रक्त सांडणे बरे नव्हे, आणि आठ समान वाटे केले. कुळ, जात, गाव, राज्य, एकाचाही दावा पूर्ण मान्य झाला नाही. सगळ्यांना वाटा मिळाला, एकालाही मालकी मिळाली नाही.

म्हणूनच 'मायदेशी परत' या शब्दाशीही मला जपूनच राहावेसे वाटते. कपिलवस्तू नक्की कुठले, आपले पिप्रहवा की नेपाळचे तिलौराकोट, हा वाद अजून चालू आहे. मधून जाणारी सीमा बुद्धाच्या वेळी नव्हती. थायलंडच्या, श्रीलंकेच्या, नेपाळच्या उपासकाचाही या ठेव्यावर हक्क आहे. तो अमुक सरकारचा, अमुक पक्षाच्या वारशाचा भाग म्हणून मिरवायची गोष्ट नाही. आपण भारतातले बौद्ध म्हणून एकट्याने मालकी मागत नाही आहोत. आपले म्हणणे फक्त एवढे आहे की ठेवा कुठे राहावा, कसा राहावा, कुणाच्या ताब्यात राहावा हे ठरवणाऱ्या टेबलावर खुर्ची आपलीही हवी, आणि कुणाच्याही खाजगी मालकीची ती वस्तू असू नये.

दगडांचे म्हणशील, तर दगडांनीच आपली साक्ष दिली आहे. तू राहतोस तो पैठण रोड. पैठण म्हणजे प्रतिष्ठान. इथून कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला कधी गेलास तर तिसऱ्या लेणीत खांबांवरचे लेख बघ. प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातला मितदेव, म्हणजे अत्तर-सुगंधाचा धंदा करणारा, त्याने खांबाचे दान दिले. तिथे एक यक्षाची मूर्ती मिळाली, तिच्या हातावर लिहिले आहे की ती कान्हदास सोनाराने घडवली. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच लेणीतल्या स्तूपातून स्फटिकाचे करंडकही मिळाले. या लोकांना पुराणांनी जागा दिली नाही, बखरींनी दिली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या रस्त्यावरच्या कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी आपल्या कमाईतला घास काढून धम्माला दिला, हे फक्त दगडाला माहीत आहे. दान दिलेली वस्तू जेव्हा 'दागिना' म्हणून शोकेसमध्ये ठेवतात, तेव्हा देणारा पुसला जातो आणि विकत घेणारा उरतो. तुला दगड नको असतील, पण दगडाला तू हवा आहेस, तुझ्याशिवाय त्याचे वाचन कुणी करणार नाही.

मुंबईचेच बघ. नालासोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक ठेवलेले आणखी करंडक, सगळ्यात आत सोन्याचा, त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, भोवती आठ बुद्धमूर्ती. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. फोर्टच्या त्या पायऱ्यांवर बसून फोटो काढलेली आपली किती पोरे आहेत! आत काय आहे हे किती जणांना ठाऊक आहे? जो ठेवा लोकलच्या अंतरावर आहे तो बघायचा हक्कही आपण मागितला नाही, ही आपली चूक आहे, सरकारची नव्हे.

तेव्हा त्या पहिल्या पोराला मी सांगितले, व्हिडिओ टाक ग्रुपवर, पण खाली चार ओळी लिही. आणि वंदना झाल्यावर आम्ही सात जणांनी तिथेच सतरंजीवर बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, सांस्कृतिक मंत्रालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. दहा रुपये फी. विचारले आहे: पिप्रहवाच्या रत्नांबाबत मंत्रालय, संग्रहालय आणि खरेदीदार यांच्यात झालेल्या कराराची प्रत द्या, मुदत संपल्यावर मालकी आणि ताबा कुणाचा हे सांगा, निर्णय घेताना कोणत्या बौद्ध भिक्खू-संघाशी, संस्थांशी चर्चा झाली त्याच्या इतिवृत्ताच्या प्रती द्या, अस्थी, करंडक आणि रत्ने कायमची एकत्र ठेवण्याचा प्रस्ताव आहे का, आणि हा ठेवा महाराष्ट्रात दर्शनासाठी आणण्याचा प्रस्ताव आहे का. व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(घ) दाखवतील हे गृहीत धरले आहे. त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तो अर्जातच लिहून ठेवला. उत्तराला तीस दिवस.

असाच अर्ज आपापल्या विहारातून पाठवायचा असेल तर मसुदा मागवा, पाठवते. आमच्या अर्जावर पहिली सही त्या नाईटवाल्या पोराने केली, आणि तिथेच भिंतीला टेकून झोपला.